तोफखान्याने मौन जिंकिले, त्याची हकीकत

मागील युद्धी तोफखान्यातील जे वीर पडले, त्यांचे स्मरण उरलेल्यांनी कैसे केले आणि त्या कामी कोणता बाका प्रसंग गुदरला, हे पुढिलांस ठाऊक असावे म्हणोन जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे काही घालीत नाही, घातलेच तर थोडके.

सुभेदारसाहेब, गुडघे फितूर परंतु मिशीचा बंदोबस्त चोख, ऐसे खासे सालाबादप्रमाणे दोन मिनिटे मौन पाळावयास वस्तीच्या सभागृहावर चालोन गेले. बगलेत, युद्धी पडलेल्या चौघांची तसबीर. सोबत फौज म्हणावी तर दोघे, गोलंदाज आणि आचारी. आणि पिछाडीस सुभेदारीणबाई थर्मास व गोळ्यांचा डबा घेऊन रसद सांभाळीत होत्या.

आत पाहतात तो दुसरेच लष्कर दाखल! कारकुनाने एकच वेळ दोघांस बहाल केली होती. कोणा चिमुरडीचा वाढदिवस, आणि स्पीकर ऐसा गर्जत होता की काचा थरथरा कापत होत्या. मग मसलत बसली. गोलंदाजाचे मत, सरळ हल्ला करावा. आचाऱ्याचे मत, आधी केक कापू द्यावा आणि मग तह बोलावा. साहेबांनी दोघांसही दटाविले आणि जातीने स्पीकरवाल्यापुढे उभे राहोन फर्माविले की, दोन मिनिटे तोफ बंद ठेवावी.

"आजोबा, ताई म्हणाल्या तर करतो," ऐसा त्याने अर्ज केला.

ताई म्हणजे मुलीची आई. ती धावत आली आणि तसबीर पाहून ओशाळली. "काका, आम्हाला खरंच माहीत नव्हतं हो. करा ना, आम्हीपण उभे राहतो."

चिमुरडीने तसबिरीवर बोट ठेविले. "हा उंच कोण?"

"लंबू. याने मला खंदकात ढकललं," साहेब बोलिले, "आणि स्वतः वरच राहिला."

मग स्पीकर निमाला आणि सारी सभा उभी राहिली. मौन सोडण्याचा हुकूम साहेबांचा. परंतु साहेब तसबिरीतील लंबूकडे पाहात राहिले आणि हुकूम काही निघेना. दोन मिनिटे सरली, आणिक दोन सरली, पोरे एका पायावरून दुसऱ्यावर जाहली, तरी कोणी चकार शब्द काढीना. इतक्यात एक फुगा फाटदिशी फुटला आणि गोलंदाज जुन्या सवयीने गरजला, "आपलाच! आपलाच!"

शत्रूचा गोळा नव्हे, घाबरू नका, या अर्थी लंबू तोफेच्या दर बारास हेच ओरडत असे आणि गोलंदाज त्यास साथ देई. साहेब आधी हसले, मग हसता हसता रडले. सुभेदारीणबाईंनी पदर पुढे केला. "पुसा डोळे. आणि बसा आता, गुडघे धरतील."

येणेप्रमाणे मौन फत्ते जाहले. आपले बाजूस हानी नाही. समोर फुगा एक कामास आला. तसबीर केकाशेजारी विराजमान जाहली आणि चिमुरडीचे आज्ञेवरून पहिले चार तुकडे पडलेल्यांपुढे ठेविले. ते पुढे आचाऱ्याने भक्षिले. साहेबांनी जाब पुसता त्याने निवेदन केले, "चौघांनी माझ्या हातचं दोन वर्षं मुकाट खाल्लं. त्यांच्यासाठी एवढं तरी करू द्या."

अर्ज मंजूर जाहला.