मधला मजला

"कोट झाला का गं?" लिफ्ट-मेकॅनिकने आतून विचारलं.

"होतोय," दुसरी म्हणाली. ती कोटाला इस्त्री करत नव्हती. इस्त्रीखाली कोटाला दाबून धरत होती.

दुसरी म्हणजे मेकॅनिकची दुसरी बायको. पहिली जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरातला तिचा मुक्काम काही हलला नव्हता. भिंतीवर तिचा फोटो होता आणि बोलण्यात तिचे दाखले. 'ती देवमाणूस होती' हे वाक्य मेकॅनिक भाजीत मीठ कमी पडलं की म्हणत असे, आणि जास्त पडलं तरी. दर वर्षी तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, व्हायची, त्यासाठी काळा कोट लागायचा, आणि कोटाला इस्त्री अर्थातच हयात असलेल्या बायकोने करायची.

मेकॅनिक कॅथलिक, दुसरी प्रॉटेस्टंट. लग्न ठरताना दोन्हीकडच्या मंडळींनी 'देव एकच, बायबल एकच' असं म्हणून सगळं पेढ्यासारखं गोड मानून घेतलं होतं. मेल्यानंतरचा विषय तेव्हा कोणी काढला नाही. प्रॉटेस्टंटांच्या मते माणूस मेला की एकतर वर, नाहीतर खाली; सरळ दोन बटणांचा कारभार. कॅथलिकांच्या मते बहुतेकांना मध्ये शुद्धिस्थानात थांबावं लागतं. उरलेसुरले दोष तिथे घासूनपुसून निघतात, आणि मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केल्या तर सुटका लवकर होते. मेकॅनिकला हे धर्माइतकंच धंद्यामुळेही पटलं होतं. "मध्ये न थांबता थेट वर गेलेली लिफ्ट मी तरी पाहिली नाही," असं तो म्हणायचा.

"एक विचारू?" कोट पुढे करत दुसरी म्हणाली. "ती देवमाणूस होती ना?"

"होतीच."

"मग देवमाणूस थेट स्वर्गात गेला असेल. त्याला मिस्सा कशाला?"

मेकॅनिकचा एक हात बाहीत तसाच राहिला. "अगं, थोडंफार प्रत्येकाचंच असतं. असेल अजून शुद्धिस्थानात."

"थोडंफार म्हणजे काय?"

"असतं काहीतरी."

"सांगा ना. मी काय पेपरात छापून आणणारे?"

"स्वभाव," मेकॅनिक फोटोकडे न बघता म्हणाला, "जरा तापट होता."

दुसरीने इस्त्री बंद केली. त्या घरात आल्यापासून इतकी चांगली बातमी तिला कोणी दिली नव्हती.

पुढचे काही दिवस तिचे फार सुखात गेले. ज्या जागेचं अस्तित्व तिच्या चर्चला तिळमात्र मान्य नव्हतं, त्या जागेवर तिची श्रद्धा बसत चालली. फोटो पुसताना 'अजून तिथेच का?' अशा नजरेने ती पहिलीकडे बघे. भाजीत मीठ कमी पडलं तरी गुणगुणत वाढे. तापट स्वभावाला साधारण किती काळ लागतो, अशी चौकशीही तिने जेवताना सहज म्हणून करून पाहिली.

"ते आपल्याला काय ठाऊक," मेकॅनिक म्हणाला. "मी गेलो की कळेलच."

"तुम्ही कशाला जाल तिथे?"

"मग कुठे जाणार? आपण काय संत लागून गेलो? मलाही थांबावं लागेल. चांगलं बरंच."

"आणि मी?"

"तुमच्या चर्चचे पाळक म्हणतात ते खरं असेल तर तू थेट वर. तुला मध्ये थांबायची भानगडच नाही."

दुसरीने हातातला घास ताटात परत ठेवला. आजवर तिने स्वर्गाचा विचार केला होता, शुद्धिस्थानाचाही केला होता, पण दोन्हींचा एकत्र केला नव्हता. आता चित्र स्पष्ट झालं. मेकॅनिक आणि पहिली मधल्या मजल्यावर, दुसरं काही काम नाही, जुन्या आठवणी काढत बसलेली. आणि आपण आयुष्यभर श्रद्धेने वागल्याबद्दल वर एकटीच.

दुसऱ्याच दिवशी ती आपल्या पाळकांकडे गेली.

"शुद्धिस्थान वगैरे काही नसतं, बाई," पाळक म्हणाले. "विश्वासणारा थेट प्रभूकडे जातो. तुमचे यजमानही, आणि त्यांच्या त्याही."

"म्हणजे ती आधीच जाऊन बसलीय?"

"तसं म्हणा."

"आणि हे गेले की दारात तीच उभी?"

"तिथे नवरा-बायको असं नातंच उरत नाही."

"नातं नाही उरलं," दुसरी म्हणाली, "तरी ओळख असेलच ना?"

यावर पाळकांनी चहा घेणार का असं विचारलं. तेव्हा आपल्या पंथाकडे या दुखण्यावर औषध नाही हे दुसरीने ओळखलं, आणि तिथून उठून ती थेट मेकॅनिकच्या चर्चमधल्या फादरांच्या दारात उभी राहिली. पहिलीला मधल्या मजल्यावरून वर पाठवायचं, आणि तेही मेकॅनिक तिथे पोचायच्या आत, एवढा एकच मार्ग तिला दिसत होता. पुढे वर सगळे जमल्यावर काय ती ओळख काढेल ती काढो. निदान दोघं एकांतात तरी नसतील.

"यांच्या पहिलीसाठी मिस्सा सांगायची होती," ती म्हणाली. "रोज."

फादर वयस्कर आणि हळवे होते. "रोज?"

"लवकरात लवकर सुटायला हवी ती. यांचं ब्लडप्रेशर वाढलंय."

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे फादरांना कळलं नाही. पण सवतीच्या आत्म्यासाठी तळमळणारी बाई, तीही प्रॉटेस्टंट, त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. रविवारी प्रवचनात त्यांनी तिचं उदाहरण दिलं. बोलता बोलता त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मेकॅनिकने तर डोळे पुसायला रुमाल काढला.

पहिलीची थोरली बहीण मात्र पुढच्या बाकावर ताठ बसून होती. ती निवृत्त मुख्याध्यापिका होती, आणि निवृत्ती फक्त शाळेतून झाली होती. दुपारी ती मेकॅनिकच्या घरी हजर झाली.

"माझ्या बहिणीने असं काय केलं होतं, की तिला रोज मिस्सा लागावी? सगळे मला विचारताहेत. अहो, खुनी माणसालाही महिन्याला एक पुरते."

"ताई, मी नुसतं तापट म्हटलं होतं," मेकॅनिक म्हणाला.

"म्हणजे तुम्हीच सांगितलंत. आणि तू गं, तुमच्यात हे मानतात तरी का?"

"मानत नाहीत," दुसरी म्हणाली. "म्हणूनच तुमच्यात सांगितली."

प्रकरण हातघाईवर येणार असं दिसताच मेकॅनिकने "चला ताई, खालपर्यंत सोडतो" असं म्हणून थोरलीला लिफ्टमध्ये घातलं. दिवसभर तो गावच्या लिफ्ट दुरुस्त करी. स्वतःच्या इमारतीची लिफ्ट मात्र 'बघतो सवडीने' या आश्वासनावर चालत होती. दोन मजल्यांच्या मध्ये अडकून तिने ते आश्वासन परत केलं.

"अगं, ऐकतेस का?" खालून आवाज आला. "माझ्या पेटीतली किल्ली घे आणि गच्चीवरच्या खोलीत जा. आधी मेन बंद कर. मग ब्रेक सोडून चाक हळूहळू फिरव. मागे दाखवलं होतं तसं."

दुसरी किल्ली घेऊन आली, पण जिन्यात तिचा पाय थांबला. लिफ्टच्या जाळीतून थोरलीच्या हसण्याचा आवाज येत होता. पहिलीचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, पण तो थोरलीसारखाच होता असं मेकॅनिकने शंभरदा सांगितलं होतं. मधला मजला, नवरा, तो आवाज आणि आठवणी. वर ती एकटी. मेल्यावर व्हायचं ते सगळं रविवारी दुपारीच सुरू झालं होतं.

"आता खरं सांगा," थोरली म्हणत होती. "तापटपणाला कोणी रुमाल काढून रडत नाही. काय होतं तिचं?"

"मत्सर, ताई," मेकॅनिक म्हणाला. "लिफ्टमध्ये बाई अडकली असेल तर मी जायचं नाही, असा नियम होता तिचा. फायर ब्रिगेडला बोलवा म्हणायची. एकदा एका आजीबाईंसाठी ब्रिगेड आली."

"हा स्वभाव आमच्या आईचा."

"जाताना माझा हात धरला आणि म्हणाली, दुसरी केलीत तर तिकडे आल्यावर बघते. तेव्हापासून वर्षाला एक मिस्सा. माया आहेच हो. पण मी पोचायच्या आत तिचा तेवढा स्वभाव जायला हवा, नाहीतर माझी धडगत नाही. आता हिने रोज लावली, तेव्हा कुठे जरा जिवात जीव आला."

थोरली म्हणाली, "रोजसुद्धा कमीच पडेल."

दुसरी गच्चीवर गेली. चाक फिरवताना तिला घाम फुटला, पण मनावरचं काहीतरी खाली उतरत होतं. सगळ्या जगात आपल्याला नीट ओळखेल अशी एकच बाई होती, आणि ती आपण यायच्या आधीच मेली, याचं तिला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

ती खाली आली तेव्हा लिफ्टमधून बाहेर पडलेल्या थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "मिस्सा चालू ठेव हो, पोरी," ती म्हणाली. "गरज आहे तिला." मेकॅनिकनेही जोराने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी फादरांकडे गेली.

"त्या मिस्सा बंद करा," ती म्हणाली.

"का? सुटली असं वाटतं का तुम्हाला?"

"छे हो. राहू दे तिला अजून. यांची गाठ पडल्याशिवाय निघायला नको."

तिने लिफ्टमधलं बोलणं सांगितलं, तसं फादरांना हळूहळू समजत गेलं. "बाई, हा सूड झाला."

"सूड कसला? शुद्धी. यांचीही व्हायला नको का?"

सिद्धांत म्हणून यात खोट काढता येईना. "आणि तुमच्यात?" फादरांनी शेवटचा प्रयत्न केला. "तुमच्यात काही शुद्ध व्हायचं नाही?"

"आमच्यात नसतं ते," दुसरी म्हणाली. "मी थेट वर."

ती दारापर्यंत गेली, थांबली आणि वळली.

"फादर, एवढंच सांगा. वरून तिथलं दिसतं का?"