नेफ्यातल्या चिंध्या

राष्ट्रदिन तीन दिवसांवर आला होता आणि बकरम संपलं होतं. झेंड्याची काठी जिच्यात शिरते त्या दुमडीला शिंपी नेफा म्हणतात. नेफ्याच्या आत बकरमची कडक पट्टी नसेल तर झेंडा अर्ध्या तासात मान टाकतो. दुकानात त्या दिवशी तीनशे पिवळे झेंडे होते, तीनशे जांभळे, आणि चौकातल्या उंच खांबासाठी देशाचा एक, दोन चादरींएवढा. पिवळे आणि जांभळे हे गावातले दोन पक्ष. देश खरा कुणाचा यावर त्यांचं वर्षभर भांडण चाले आणि झेंडे मात्र दोघांचेही या दुकानातल्या शिंप्याकडे, म्हणजे बाबांकडेच शिवले जात.

दुपारी खिडकीतून ऊन आलं की दोरीवर टांगलेल्या कापडांतून गाळून पडे. अर्धी खोली पिवळी होई, अर्धी जांभळी, आणि मधोमध जिथे बाबांचं मशीन होतं तिथे एक नाव नसलेला रंग पडे. लहानपणी बाबांची मुलगी त्या उजेडात हात धरून बसे आणि आपला हात कुणा दुसऱ्याचा आहे असं समजे. मोठी झाल्यावर तिला ग्रंथालयात नोकरी लागली, तिने पुष्कळ वाचलं आणि ती खोली तिला आवडेनाशी झाली.

"दोघांचे झेंडे एकाच दोरीवर कसे घालता तुम्ही?" तिने एकदा विचारलं होतं.

"चिमटे तेवढेच आहेत," बाबा म्हणाले होते.

"तुमचं स्वतःचं काही मत आहे की नाही?"

"आहे की. पाच वर्षांनी एकदा पेटीत टाकून येतो."

"हा भित्रेपणा आहे, बाबा."

"असेल," असं म्हणून त्यांनी सुईत दोरा ओवला होता.

तरीही दर वर्षी या दिवसांत ती रजा टाकून नेफे शिवायला बसे. बाबांचा नियम एकच होता. नेफ्याच्या आत गिऱ्हाईक बघत नाही, म्हणून तिथे खोट ठेवायची नाही. आता बकरम संपलं हे त्यांना सांगावं, तर ते गुडघे धरत उन्हातून गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतः गेले असते. तिने टेबलाखालच्या चिंध्यांच्या ढिगात हात घातला. पट्ट्या चौपदरी घडी घालून आत सारल्या की बकरमइतक्याच ताठ राहत होत्या. पिवळ्यात जांभळी गेली, जांभळ्यात पिवळी, देशाच्या झेंड्यात दोन्ही. ती रंग बघतच नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहाशे एक झाले.

"बकरम पुरलं का गं?" बाबांनी विचारलं.

"पुरलं."

"मला वाटलं कमी पडेल."

"मोजून कापलं."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे पाहिलं. "शाबास. शिकलीस शेवटी."

त्या संध्याकाळी ते दोन घास जास्त जेवले आणि आत्याने, म्हणजे त्यांच्या बहिणीने, रेडिओ मोठा लावला म्हणून तिला बोलले. सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा ते उठले नव्हते. चहा बराच वेळ वाफाळत राहिला आणि ती वाफेकडे बघत राहिली.

पिवळ्यांचे अध्यक्ष ठेकेदार होते. ते दुपारी भेटायला आले, हात जोडून बसले, डोळे पुसले आणि निघताना हळूच म्हणाले, "झेंडे... म्हणजे आता विचारू नये."

"तयार आहेत," आत्या म्हणाली. "त्या गठ्ठ्यात. डोळे पुसायला घेऊ नका त्यातला."

मग जांभळ्यांच्या अध्यक्ष, वकीलबाई, आल्या आणि त्यांनीही जवळजवळ तसंच केलं.

राष्ट्रदिनाला पहाटे धुकं उतरलं. इतकं दाट, की चौकात माणसं दिसत नव्हती, नुसते झेंडे दिसत होते. तेही जमिनीला न टेकता आपापले चालल्यासारखे. जांभळं कापड पहिल्या ओलीला रंग सोडणारं. धुकं नेफ्यात मुरलं आणि प्रत्येक पिवळ्या झेंड्याच्या काठीलगत एक जांभळा ओघळ उतरू लागला.

"हे काय आहे?" ठेकेदारांनी विचारलं.

"जांभळं आहे साहेब," कार्यकर्ता म्हणाला.

"ते दिसतंय. आपल्या झेंड्यात कसं?"

रस्त्यापलीकडून धुक्यातून वकीलबाईंचा आवाज आला. "आमचा टेकू घेतल्याशिवाय तुमचा झेंडा उभासुद्धा राहत नाही म्हणायचा."

ठेकेदारांनी ब्लेड मागवलं. एक नेफा उसवला, आतून चौपदरी जांभळी चिंधी निघाली. दुसरा उसवला, तेच. "गेला तो शिंपी, पण जाता जाता गद्दारी करून गेला," ते म्हणाले. मग त्यांना एक विचार सुचला, तो फारसा चांगला नव्हता. "त्यांचाही एक उसवा."

जांभळ्यातून पिवळी चिंधी निघाली. आता वकीलबाईही हसेनात. दोन्हीकडचे लोक फुटपाथवर मांडी घालून बसले आणि आपापला झेंडा उसवू लागले. धुक्यात सहाशे ब्लेडांची खरखर तेवढी ऐकू येत होती, एखाद्या मोठ्या शिवणवर्गासारखी. नेफे गेल्यावर काठ्या रिकाम्या झाल्या. घोषणा द्यायला माणसं उभी राहिली ती खांद्यावर झेंडा टाकून, आंघोळीला निघाल्यासारखी.

मुलगी आणि आत्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. "गद्दार शिंपी" हे शब्द धुक्यातून दोन वेगवेगळ्या बाजूंनी आले. मुलगी पायरी उतरली.

"ते नेफे—" तिने सुरुवात केली.

"ताई, तुम्ही घरात जा," ठेकेदार म्हणाले. "तुम्ही दुःखात आहात. तुमचा काही दोष नाही यात."

आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. ती परत वर चढली. ते हायसं वाटणं तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने आत्याचा हात धरला.

एवढ्यात कुणाची तरी नजर खांबावर गेली. देशाचा झेंडा धुक्याच्या वर, पहिल्या उन्हात फडफडत होता आणि त्याच्याही कडेला फिकट जांभळा ओघळ होता.

"तोही खाली घ्या," ठेकेदार म्हणाले. "पवित्र वस्तू आहे. आत काय काय आहे ते बघायलाच हवं."

खांबाशी हवालदार उभा होता. पहाटे चारपासून उभा असल्यामुळे तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. "देशाच्या झेंड्याला ब्लेड लावणाऱ्याला मी आत टाकणार," तो म्हणाला. "मग तो पिवळा असो की जांभळा."

"पण त्याच्या आत ते आहेत," ठेकेदार जांभळ्यांकडे बोट करून म्हणाले.

"तुम्हीपण असाल. असू द्या. सलामी द्या आणि घरी जा."

ठेकेदारांनी वर पाहिलं. वकीलबाईंनीही पाहिलं. उसवता येत नाही आणि अशुद्धही म्हणता येत नाही. अशा वस्तूला वंदन करणं एवढंच उरतं. सभेला माणसं जमली होती, माइक चालू होता. माइकपर्यंत वकीलबाई आधी पोचल्या.

"देशात सगळे असतात," त्या म्हणाल्या, "हे आमचा पक्ष पहिल्यापासून सांगत आला आहे. कै. शिंपीकाका आमच्या विचारांचे होते."

"आमच्या," ठेकेदारांनी माइक ओढला. "आमच्या गल्लीत राहायचे ते."

चार दिवसांनी नगरभवनात शोकसभा झाली. कुठल्या पक्षाने घ्यायची यावर एकमत होईना, म्हणून दोघांनी मिळून घेतली. चौकाला बाबांचं नाव द्यायचं ठरलं. टेबलावर काचेच्या चौकटीत एक उसवलेला नेफा ठेवला होता. पिवळं कापड, आत जांभळी चिंधी, खाली पाटी: 'एका द्रष्ट्या कारागिराची अखेरची कृती'.

पहिल्या रांगेत आत्या कुजबुजली, "द्रष्टा म्हणे. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचा."

मुलगी हसली नाही. ती चौकटीकडे बघत होती. काचेवर दिवा पडला होता आणि टाके मोठे दिसत होते. मधेच एके ठिकाणी टीप घसरून बाहेर गेली होती, तिथून पुन्हा वळून आत आली होती. लोक रांगेने येत होते, वाकून ती टीप बघत होते, मान डोलवून पुढे जात होते. उद्या ही चौकट त्या चौकात लागणार होती आणि तिथून जाणारा प्रत्येक शिंपी ही टीप बाबांची समजणार होता.

ती उठून माइकपाशी गेली. ठेकेदारांनी तिला पाण्याचा पेला दिला. तो तिने टेबलावर ठेवला.

"ही टीप वाकडी आहे," ती म्हणाली. "बाबांची टीप वाकडी जात नसे. ही माझी आहे. सहाशे एक नेफे मी शिवले. बकरम संपलं होतं आणि हाताला चिंध्या लागल्या. त्यात विचारबिचार काही नव्हता. बाबांना मी बकरम पुरलं असं खोटं सांगितलं आणि ते मला शाबास म्हणाले. त्यांना कळलं असतं तर त्यांनी सगळे उसवून मला परत शिवायला बसवलं असतं."

 वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पण ताई, सगळ्यांना सामावून घेणारा तो विचार... तो मग कुणाचा?"

"तो बाबांचाच," मुलगी म्हणाली. "पण तो या चौकटीत नाही. तुम्ही दोघं दर वर्षी येऊन एकमेकांना शिव्या द्यायचात आणि ते दोघांचंही माप घ्यायचे. दोघांनाही सारखं कापड, सारखी टीप. चाळीस वर्षं. मी त्याला भित्रेपणा म्हणाले होते, त्यांच्या तोंडावर."

तिने चौकट उचलली, उलटी करून टेबलावर ठेवली आणि माइककडे न बघता, सभेकडेही न बघता म्हणाली, "तसं नव्हतं, बाबा. माझं चुकलं."