जाधवकाकांचं पोस्टपोन

मार्चमधला रविवार, सकाळ. जागा: आमच्या इमारतीचा जिना, नारपोली. हजर: मी, म्हणजे इमारतीची सेक्रेटरी; तळमजल्यावरच्या लूमचे मालक अन्सारीभाई; वरची सगळी बिऱ्हाडं; आणि पायरीवर बसलेले दुसऱ्या मजल्यावरचे जाधवकाका. विषय: इमारत रिकामी करणे.

मी विषय वाचून संपवायच्या आत काकांचा हात वर.

"पोस्टपोन करा."

काका आयुष्यभर जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारे. त्यांची रजा मालक दरवेळी पोस्टपोन करायचा, तिथून हा शब्द ते घरी घेऊन आले. डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं, पोस्टपोन. जयंतीला लावलेली निळी पताका त्यांच्या खिडकीवर वर्षभर फडफडते, कारण ती उतरवणं पोस्टपोन झालेलं असतं. दूध उतू जायला लागलं की गॅस बारीक करून त्यालाच दटावतात, "पोस्टपोन हो जरा." एकदा गल्लीत वरातीचा घोडा अडून बसला, तर काकांनी नवऱ्यामुलाच्या कानात सांगितलं, "बघ, मुकं जनावर आहे, पण सांगतंय. पोस्टपोन कर."

मी नेमकी उलटी. माझ्या पर्समध्ये यादी असते आणि झालेल्या कामावर रेघ मारल्याशिवाय मला जेवण जात नाही. त्यामुळे आमचं जमणं कठीणच होतं. पण त्या रविवारी मी चिडले नव्हते, घाबरले होते.

तळमजल्याच्या खांबाला चीर गेली तेव्हा इंजिनिअरने तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली होती. काच तडकली की समजायचं, चीर वाढतेय. तेव्हापासून आम्ही सगळे जाता-येता आधी ती काच बघायचो. शनिवारी ती तडकली.

त्याहून मोठी भीती शुक्रवारची. इतर दिवशी लूम चालतात, घर हादरतं, पेल्यातलं पाणी थरथरतं, आणि आम्हाला काही वाटत नाही. शुक्रवारी सुट्टी, लूम बंद. मग इमारत ऐकू यायला लागते. कुठे बारीक माती सांडते, कुठे चौकट करकरते. आणि दुपारभर एक आवाज: ठक-ठक, ठक-ठक. एका लयीत. खांबातून येतो की भिंतीतून, कळत नसे. पोरं आयांना चिकटून बसत.

"दीदी, मेरी मशीन तो बंद है," अन्सारीभाई एकदा पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाले होते. "ये क्या बिल्डिंग का दिल चल रहा है?"

सभेत ठरलं. पूर्ण्याला गोदामांच्या मागे नव्या खोल्या भाड्याने मिळत होत्या, तिकडे जायचं. गुरुवारपर्यंत सगळे हलले. जाधव काका-काकी सोडून.

शुक्रवारी दुपारी मी यादी घेऊन काकांना बाहेर काढायला गेले. रिकाम्या इमारतीत चपलेचा आवाजही मोठा वाटत होता. पहिल्या मजल्यावर पोचले आणि सुरू झालं, ठक-ठक, ठक-ठक. वरून प्लास्टरचा एक पोपडा खांद्यावर पडला. परत फिरावं असं मनात आलं, पण आवाज वरून येत होता आणि वर दोन म्हातारी माणसं होती.

दार उघडंच होतं. काकी जमिनीवर कुशीवर झोपल्या होत्या, तळहात लादीवर पसरलेला. शेजारी काका मांडी घालून बसले होते आणि लूमवर सूत इकडून तिकडे नेणारा जुना लाकडी धोटा लादीवर मारत होते. ठक-ठक.

"काका! हे तुम्ही?"

"हळू मारतो, ताई. लूमपेक्षा तर हळूच."

"पण का?"

काकींना ऐकू येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. उभं आयुष्य लूमच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या, त्यात कान गेले. आम्ही त्यांच्याशी हातवारे करूनच बोलायचो.

"कान न्हायत, पण हिला लादी कळते," काका म्हणाले. "लादी हालतेय तोवर हिला वाटतं, माणसं हायत, कामावर हायत. शुक्रवारी लादी गप झाली की ही उठून दारात जाते. सगळे आपल्याला टाकून गेले म्हणते. पूर्ण्याची खोली दाखवायला नेली होती. लादीला हात लावला आणि अनवाणी रस्त्यावर पळाली."

धोटा चालूच होता.

"तुम्हाला नाही भीती वाटत?"

"काच सगळ्यांच्या आधी मीच बघतो की रोज. पण दोघांनी घाबरून कसं चालेल? माझं पोस्टपोन ठेवलंय."

मी यादी पर्समध्ये टाकली, काकींचे कपडे गोणीत भरले. काकींना उठवलं तशा त्या थरथरायला लागल्या. काका पुढे झाले. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून त्यांनी काकींच्या पाठीवर तळहाताने थाप दिली, ठक-ठक, आणि मगच पुढची पायरी.

सध्या दोघं माझ्याकडे, पूर्ण्याला. इथली लादी कुठल्याच दिवशी हालत नाही, त्यामुळे आता रोजच शुक्रवार. काकांचं मनगट सुजलंय, म्हणून दुपारी धोटा मी घेते. परवा सिलिंडर घेऊन आलेला गॅसवाला दारातच थबकला. मला लय चुकवायची नव्हती, म्हणून मान वर न करता सांगितलं, "सिलिंडर पोस्टपोन."

काका भिंतीकडे तोंड करून हसत होते.

यादीत एक ओळ अजून रेघेशिवाय आहे: काका-काकींसाठी तळमजल्यावरची खोली, धड इमारतीतली, चालू लूमच्या भिंतीला लागून. अन्सारीभाईंनी नारपोलीतल्या तीन दाखवल्या. तिन्ही ठिकाणी मी आधी खांब बघितले. तिन्हींवर काचेच्या पट्ट्या होत्या.