भिवराची भोकांची भिंत

एका जंगलात, मुलांनो, एक टेकडी होती आणि ती थोडी थोडी करून खाली येत होती.

घाबरू नका. टेकड्यांना पाय नसतात. पण या टेकडीची माती भुसभुशीत होती. दर पावसाळ्यात तिचा एखादा लचका सुटायचा आणि पायथ्याच्या घरात न बोलावता शिरायचा. पायथ्याला दोनच घरं होती. एक भिवरा साळिंदरिणीचं, दुसरं उदाजीराव उदमांजराचं. दोघांच्याही परसात बाग होती, आणि बाग संपली की लगेच टेकडीची दरड.

भिवराच्या बागेत सुरण, रताळी आणि कोनफळं होती. उदाजीरावांच्या बागेत फुलं होती. कोनफळ जमिनीच्या आत असतं, ते पाहुण्यांना दाखवता येत नाही. फुलं वर असतात. शहाण्या मुलांना गोष्ट इथेच कळली असेल. बाकीच्यांनी पुढे ऐकावी.

भिवराचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. घरात ती आणि तिची दोन पिल्लं, काटू आणि सुई. गेल्या श्रावणात दरड सुटली ती नेमकी बिळाच्या तोंडावर. पिल्लं आत झोपली होती. भिवरानं भर दुपारी उकरायला सुरुवात केली आणि दिवेलागणीपर्यंत ती उकरत राहिली. काटू रडत बाहेर आला. सुई न रडता बाहेर आली. तेव्हापासून सुईला डाव्या कानानं ऐकू येत नाही.

त्याच दरडीखाली उदाजीरावांची शेवंती गाडली गेली. त्यांनी शोकसभा घेतली. भिवरा सभेला गेली होती. जायची रीत असते.

उन्हाळा आला तेव्हा दोघांनीही ठरवलं की यंदा दरडीला भिंत घालायची. मोठा दगड त्या भागात मिळत नसे, पण वादळात आडवी झालेली झाडं हवी तेवढी होती. म्हणून भिंत लाकडाची. आणि सगळ्या रानात मिस्त्री एकच, धोंडू सुतारपक्षी.

काम सुरू करण्याआधी भिवरा घोरपड मावशीकडे गेली. मावशीचा सगळा जन्म कड्याकपारींना चिकटून गेला होता. भिंतीतलं तिला कळायचं.

"मावशी, भिंत कशी बांधू?"

"कोणाला अडवायचंय तुला?"

"मातीला."

"मग मातीलाच अडव. पाण्याला अडवू नकोस. त्याला वाट दिलीस तर ते आपलं आपलं जातं. नाही दिलीस, तर जाताना भिंत घेऊन जातं."

भिवरानं मान हलवली आणि घरी येऊन तसंच केलं.

तिनं खैराचे खांब निवडले. त्यांची बुडं जाळून काळी केली, म्हणजे वाळवीनं तोंड घालू नये. जेवढा खांब वर, तेवढाच जमिनीत. खड्डे तिनं स्वतः खणले. खांबांमागे ऐनाचे ओंडके आडवे रचले. भिंत सरळ उभी न करता टेकडीच्या अंगाला जराशी कलती ठेवली. मधूनमधून एकेक लांब ओंडका थेट दरडीच्या पोटात गाडला आणि त्याचं टोक भिंतीला जखडलं. भिंतीच्या पाठीमागे ओढ्यातले गोटे भरले. आणि सगळ्यात खाली, एकेका हातावर, भोकं ठेवली. भोकांखाली चर खणला आणि तो ओढ्याला नेऊन जोडला.

धोंडूला हे बघवेना. "बाई, एवढं चांगलं लाकूड मातीत गाडताय. दिसणार कोणाला?"

"दरडीला दिसेल," भिवरा म्हणाली.

पलीकडे उदाजीरावांची भिंत उभी राहत होती. त्यांनी सावरीचं लाकूड आणलं. सावरीचं लाकूड दिसायला दुधासारखं गोरं असतं आणि टिकायलाही दुधाएवढंच टिकतं. फळ्या घासून गुळगुळीत केल्या, वर राळ चोपडली. खांब वीतभर जमिनीत, बाकी सगळा वर, कारण उंचीला शोभा असते.

"साहेब, खाली दोनचार भोकं ठेवू का?" धोंडूनं विचारलं. "मागं पाणी साठेल."

"भोकं? माझ्या भिंतीला?" उदाजीरावांनी शेपटी झटकली. "भिंत आहे का चाळण? धोंडू, तुझं काम चोचीचं. डोक्याचं काम मी बघतो."

सुतारपक्ष्याचं काम खरं तर डोक्यानंच चालतं. पण धोंडू गप्प बसला. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर यायचं होतं.

भिंत झाली. उद्घाटनाला गवा सरपंच आले. दाराशी फुलांची वेल बांधली होती, ती त्यांनी तोडली आणि सवयीनं खाऊनही टाकली. मग ते बोलायला उभे राहिले. "बंधूंनो, ही नुसती भिंत नाही. ही आपल्या रानाची मान आहे. आणि ती कशी ताठ आहे बघा!"

सगळ्यांनी बघितलं. ताठ होती.

बघता बघता कोणाची तरी नजर कुंपणापलीकडे गेली. तिथे भिवराची भिंत होती. काळी, खडबडीत, मागे कललेली, आणि खाली भोकंच भोकं.

"ही काय टेकडीला टेकून झोपलीय?" एक माकड म्हणालं.

"उंदरांसाठी दारं ठेवलीत वाटतं," दुसरं म्हणालं.

हसून हसून सभेची वेळ टळली. भिवरा परसात रताळ्यांचे वेल उलटवत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिचे काटे उभे राहिले, मग तिनं ते हळूच खाली घेतले. त्या दिवशी तिनं पिल्लांना बागेत येऊ दिलं नाही.

मघा नक्षत्र लागलं आणि पाऊस बसला तो उठेचना. तीन दिवस आभाळानं डोळा उघडला नाही. भिवराच्या भिंतीतून पहिल्या दिवशी गढूळ पाणी आलं, दुसऱ्या दिवशी जरा निवळ, आणि तिसऱ्या दिवशी नितळ. चर भरून वाहत होता. माती होती तिथेच होती.

उदाजीरावांच्या भिंतीतून थेंबभरही पाणी आलं नाही. ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "बघा, कुठे ओल तरी दिसते का?"

तिसऱ्या दिवशी दुपारी भिवरा सुरणाला मातीची भर द्यायला बाहेर आली आणि तिचं लक्ष पलीकडे गेलं. गोऱ्या भिंतीचं पोट पुढे आलं होतं. राळ तडकली होती. उदाजीराव भिंतीलगत छत्रीएवढं अळूचं पान धरून उभे होते आणि फुलांना धीर देत होते.

भिवरा कुंपणाशी धावली. "उदाजीराव! खालची एक फळी काढा! पाण्याला वाट द्या!"

उदाजीरावांनी वळून पाहिलं. ते हसले. "वहिनी, मत्सर बरा नव्हे."

एवढं बोलायला त्यांना वेळ मिळाला. मग खांब उन्मळले, फळ्या सुटल्या, आणि चिखलाचा लोंढा शेवंती, अबोली आणि उदाजीरावांना घेऊन ओसरीपर्यंत आला.

भिवरानं कुंपण तोडलं आणि उकरायला लागली. कुठे उकरायचं, किती जपून उकरायचं, हे तिला आता ठाऊक होतं. आधी अळूचं पान निघालं, मग कान, मग उदाजीराव. तिनं त्यांच्या तोंडातला चिखल काढला. ते खोकले. जिवंत होते.

त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले.

"तुमची पडली का?"

"नाही," भिवरा म्हणाली.

उदाजीराव गप्प झाले. आणि मुलांनो, ते गप्प झाले तिथेच चौकशी सुरू झाली.

वनपंचायतीनं चौकशीसाठी माळढोक साहेबांना बोलावलं. साहेबांचा सगळा जन्म सपाट माळावर गेला होता. उतार, दरड, टेकडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. म्हणूनच या प्रकरणात ते निःपक्षपाती ठरले.

साहेब मान उंच करून आले. पडलेल्या भिंतीकडे त्यांनी हळहळून पाहिलं. उभ्या भिंतीकडे संशयानं पाहिलं. मग भिवराला पुढे बोलावलं.

"तुमची भिंत पडली का?"

"नाही साहेब."

"का पडली नाही?"

या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल असं भिवराला कधी वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "पाणी भोकांतून निघून गेलं, साहेब."

"म्हणजे तुमच्या भिंतीतून पाणी राजरोस बाहेर जात होतं."

"हो. त्यासाठीच तर..."

"विचारलं तेवढंच सांगा." साहेबांनी धोंडूकडे मान वळवली. "भोकं कोणी पाडली?"

"मी, साहेब."

"आणि उदाजीरावांच्या भिंतीला किती पाडली?"

"एकही नाही. ते नको म्हणाले."

"म्हणजे एका भिंतीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा," साहेब म्हणाले.

घोरपड मावशीही साक्ष द्यायला आली होती. पण साक्ष उभं राहून द्यायची असा नियम होता, आणि मावशीला उभं राहता येईना. तिची साक्ष घेतली गेली नाही.

आठ दिवसांत अहवाल आला. गवा सरपंचांनी तो वडाखाली मोठ्यानं वाचला.

"सदर भिंत मजबूत, ताठ व सुंदर होती. तथापि शेजारील भिंतीतून पाण्यास मुक्तपणे जाऊ दिले जात असल्याचे पाहून सदर भिंतीमागील पाण्यात असंतोष पसरला व त्याने टोकाचे पाऊल उचलले. सबब, शेजारील भिंतीची सर्व भोके परवापर्यंत बुजवावीत. रानातील प्रत्येक भिंतीवर देखरेख ठेवण्यासाठी भिंत मंडळ नेमावे. भिंत पडण्याचा अनुभव संपूर्ण रानात केवळ उदाजीराव यांना असल्याने त्यांना मंडळाचे अध्यक्ष करावे."

टाळ्या झाल्या. उदाजीरावांच्या पायाला अजून पट्टी होती. ते लंगडत पुढे आले आणि म्हणाले, "माझ्या मनात कोणाविषयी कटुता नाही." पुन्हा टाळ्या झाल्या.

भिवरा घरी आली. काटू आणि सुई भिंतीच्या सावलीत खेळत होती. ती त्यांच्याकडे पाहत बसली. भोकं बुजवली, तर पुढच्या पावसात भिंत पिल्लांवर येणार. नाही बुजवली, तर मंडळ येऊन भिंत पाडणार. तिनं मनातल्या मनात बिऱ्हाड आवरलंसुद्धा. पण जायचं कुठे? कुठलीही टेकडी घ्या, तिला पायथा असतो, आणि पायथ्याला शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडू हुकूम घेऊन आला. त्यानं वर पाहिलं नाही.

"बाई, भोकं बुजवायला पाठवलंय मला."

"हं."

"त्यांच्या भिंतीच्या वेळी मी पुन्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. आता ही बुजवायलाही मीच." त्यानं हुकूम पुढे केला. "चोच उचलत नाही बघा."

भिवरानं हुकूम हातात घेतला. दोनदा वाचला. मग विचारलं, "धोंडू, कशानं बुजवायची ते यात कुठे लिहिलंय?"

धोंडूनं वाकून पाहिलं. "नाही. 'बुजवावीत' एवढंच आहे."

"मग बस इथे. मी चुलीतली राख आणते."

धोंडू बसला. मग त्याला समजलं, आणि त्या महिन्यात तो पहिल्यांदा हसला. दोघांनी मिळून राख कालवली आणि एकेक भोक दाबून भरलं. वरून हात फिरवून असं गुळगुळीत केलं की सावरीच्या फळीनंही मान खाली घालावी.

संध्याकाळी अध्यक्ष पाहणीला आले. ऊन होतं. त्यांनी भोकांवर पंजा फिरवला. "आता कशी शिस्तीत दिसते! वहिनी, आधीच ऐकलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं."

"चुकलंच माझं," भिवरा म्हणाली.

चार दिवसांनी पाऊस आला. पंधरा मिनिटं भोकांतून राखाडी पाणी वाहिलं आणि मग नेहमीचं. पाऊस थांबला की धोंडू यायचा, पुन्हा राख भरायचा आणि पंचायतीत कळवायचा: भोके बुजविली. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

उदाजीरावांनीही नवी भिंत बांधली. पहिलीपेक्षा उंच, पहिलीपेक्षा गोरी. पुढल्या मघांत तीही पडली. या खेपेला ते भिंतीलगत नव्हते, मंडळाच्या बैठकीत भाषण करत होते, म्हणून वाचले. दुसऱ्यांदा पडल्यामुळे त्यांचा अनुभव दुप्पट झाला आणि त्यांना शेजारच्या तीन जंगलांतून मार्गदर्शनाची बोलावणी आली.

भिवराच्या भिंतीकडे आता येणारेजाणारे थांबून पाहतात. "अजून उभीच का हो ही?" असं विचारतात.

"पडेल हो," भिवरा सांगते. "यंदा नाही, तर पुढच्या वर्षी नक्की पडेल."

ऐकून त्यांना बरं वाटतं, आणि ते पुढे जातात.

तात्पर्य: मुलांनो, परसात माती अडवायची भिंत बांधाल, तर पडेल अशीच बांधा. पडलेल्या भिंतीला सभा मिळते, अहवाल मिळतो आणि मालकाला खुर्ची मिळते. उभ्या भिंतीला फक्त कारण विचारतात. आता घरात पिल्लं असली की भिंत भक्कम बांधावीच लागते, त्याला इलाज नाही. पण तेव्हा दर्शनी बाजूचा एखादा ओंडका मुद्दाम तिरका लावा. भिंत पडणार नाही, पण बघणाऱ्यांचा जीव तरी भांड्यात पडेल.