हात विभागाचं कपाट

वापरली की वस्तू झिजते आणि न वापरता जपली की टिकते, हे जगातल्या सर्व भांडारांना मान्य आहे. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाचे भांडारपाल हंबीरराव यांनी ते नुसतं मान्य केलं नव्हतं, पाच वर्षं निष्ठेनं पाळलं होतं.

१९९८ साली रुग्णालयात हाताच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग निघाला आणि त्यासाठी मुंबईहून साधनं आली. बोटांनी दाबायचा पाच रंगांचा रबरी लगदा, पकडीचा जोर मोजायचं यंत्र, सांधा किती वाकतो ते दाखवणारी कोनपट्टी, गरम पाण्यात मऊ होऊन हाताच्या आकारात बसणारे, बोटांना आधार देणाऱ्या स्प्लिंटचे प्लॅस्टिकचे पत्रे, व्यायामाची सचित्र पुस्तकं. एकूण नग बेचाळीस. हंबीररावांनी ते डेड स्टॉक रजिस्टरला चढवले (पुढचं धोरण रजिस्टरच्या नावातच आलं), कपाटात ठेवले आणि किल्ली करगोट्याला बांधली.

विभागाच्या थेरपिस्ट दीप्ती कांबळे पहिल्याच आठवड्यात लगदा मागायला आल्या.

"मॅडम, पेशंट त्यो हातात घेणार?"

"दाबायचाच असतो तो हातानं."

"मग मळणार की!"

दीप्तीताई परत गेल्या आणि घरून कणीक घेऊन आल्या. पुढं कपडे वाळत घालायचे चिमटे आले, ट्रॅक्टरच्या ट्यूबचे पट्टे आले, पाण्याचा प्लॅस्टिक पाइप तापवून, चपटा करून त्याचे स्प्लिंट झाले. पाच वर्षांत तीन हजार एकशे बारा रुग्ण येऊन गेले. कुणाचा हात उसाच्या चरकात गेलेला, कुणाचा यंत्रमागात. साधनांची तूटफूट शून्य टक्के. (रुग्णांच्या तूटफुटीला रजिस्टरात रकाना नव्हता.)

२००३च्या जूनमध्ये तपासणी समिती येणार असं पत्र आलं. मागची धूळ काढावी म्हणून हंबीररावांनी कपाट पुढं ओढलं. ते कललं आणि त्यांचा उजवा हात भिंत आणि कपाट यांच्यामध्ये सापडला. तीन बोटं मोडली. कळवळत त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "नग शाबूत हायत न्हवं?"

प्लॅस्टर निघालं तेव्हा बोटं वाळल्या फांदीसारखी ताठ झाली होती. दीप्तीताईंनी हात उलटसुलट करून पाहिला.

"स्प्लिंट लावून रोज बोटं वाकवायला हवीत. आता ढिलाई केली तर सांधे असेच धरून बसतील."

"लावा की मग."

"पत्रा तुमच्या कपाटात आहे."

हंबीररावांनी आयुष्यात पहिल्यांदा करगोट्याची किल्ली स्वतःहून सोडली. पण भांडारपालाच्या सहीशिवाय नग बाहेर पडत नसे. त्यांनी ताठ बोटांनी सही केली. कोंबडीनं अंगण उकरावं तशी ती उमटली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या कृष्णात कारकुनानं ती नमुन्याशी ताडून पाहिली.

"आण्णा, सही जुळत न्हाय."

"अरं, मीच हाय की!"

"तुम्ही हायसा. सही न्हाय."

डाव्या हाताचा अंगठा चालला असता, पण त्याला निरक्षर असल्याचा दाखला लागत होता. दुसऱ्याकडे कार्यभार द्यावा, तर देणाऱ्याची सही हवी होती. हा नियम किती पक्का आहे हे पाहून हंबीररावांना क्षणभर अभिमान वाटला. मग बोटं ठणकली.

शेवटी इतरांसारखा पाइपचाच स्प्लिंट घेऊन ते कणीक मळायला बसले. शेजारी शिरोळच्या आक्काताई होत्या. कडबाकुट्टीत दोन बोटांची पेरं गेलेल्या.

"पावणं, मळतायसा का गोंजारतायसा? दाबा की!"

"दुखतंय ओ."

"मलाबी दुखतंय. पर माझी म्हस दुसऱ्या कुणाला कासंला हात लावू देत न्हाय. मूठ वळली न्हाय तर तिला बाजार दाखवावा लागंल."

असं म्हणून त्या उरलेल्या बोटांत चिमटा धरून उघडू लागल्या. चाळीस वेळा. हंबीरराव बघत राहिले. पाच वर्षांत नग सोडून काही बघायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी कणीक पुन्हा उचलली आणि या वेळी खरोखर दाबली.

दोन महिन्यांनी मूठ वळली, सही जुळली. पहिली सही त्यांनी आक्काताईंसाठी पिवळ्या लगद्याच्या मागणीवर केली आणि स्वतः कपाट उघडलं. लगद्याचा दगड झाला होता. पत्रे उन्हाळ्यात एकमेकांना चिकटून एक झाले होते.

"ऱ्हाऊ द्या पावणं," आक्काताई म्हणाल्या. "कालपासनं धार काढतोय मी."

लांबलेली समिती अखेर आली. बेचाळीस नगांची वेष्टनं शाबूत पाहून अध्यक्ष भारावले आणि 'उत्कृष्ट जतना'चं प्रशस्तिपत्र दिलं. हंबीररावांनी ते घेतलं, सगळ्यांसमोर घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारलं. समितीनं याची नोंद 'कपाटास भक्कम आधार दिला' अशी घेतली.

वाचकांना हसू आलं असेल. हसून झाल्यावर सवडीनं उठावं आणि घरच्या शोकेसमधला लग्नात आलेला कपांचा सेट मोजावा. सहाच्या सहा निघतील. इतक्या वर्षांत त्या योग्यतेचा पाहुणाच आला नाही, आणि घरातलं माणूस तर कधी अर्ज करायच्याही भानगडीत पडलं नाही.