ओसरीचा पडदा

माणूस झोपेत कसा दिसतो हे ज्याचं त्याला कधीच कळत नाही. समाजाची घडी टिकून आहे ती बहुतांशी यामुळेच.

तीर्थपुरीचे काकासाहेब या बाबतीत पूर्ण सुखी होते. त्यांचं घर बसथांब्याच्या बरोबर समोर, ओसरी रस्त्याकडं उघडी. दुपारची भाकरी झाली की ते बनियनवर बाजेवर आडवे होत, तोंड उघडत आणि उन्हं उतरेपर्यंत ते मिटत नसत. थांब्यावर वेळ घालवायला दुसरं साधन नव्हतं. (एक वेळापत्रक होतं, पण त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.) काकासाहेबांना बघत बसलेल्या निम्म्याहून अधिक प्रवाशांना बस उशिरा आल्याचं वाईट वाटत नसे, असं एका पाहणीत आढळलं होतं. पाहणी आम्हीच केली होती, बाकावर बसून.

अशी सगळी व्यवस्था सुरळीत चालू असताना, ब्याण्णव साली, त्यांच्या कौसल्येला बघायला आष्टीहून पाहुणे येणार असं ठरलं. त्यांची बसही याच थांब्यावर थांबणार. कौसल्येच्या आईनं, नंदाबाईंनी, नवऱ्याकडं एकदा पाहुण्यांच्या नजरेनं पाहिलं आणि त्या हबकल्या.

"तुमी आत झोपत जा."

"आत वारा न्हाई."

"मंग तोंड तरी मिटा."

"झोपल्यावर मला कसं कळंल, मिटलंय का उघडंय?"

मुद्दा बिनतोड होता. त्यामुळं पडदा करायचं ठरलं.

आतल्या पडद्याचं काम सोपं असतं. बाहेरचा पडदा ऊन, धूळ आणि जनता या तिघांविरुद्ध उभा असतो. त्यासाठी नंदाबाईंनी बाजारातला सगळ्यात स्वस्त मांजरपाट आणला आणि घरीच रंगवायला काढला. रंगाची पुडी बदामी होती; निदान दुकानदार तसं म्हणाला. परसात चुलीवर हंडा चढला, मीठ पडलं, कौसल्या लाकडानं ढवळत राहिली. कोऱ्या कापडाची खळ आधी धुऊन काढायची असते हे नंदाबाईंना ठाऊक होतं, पण घाई होती. हंड्यातून जे बाहेर आलं ते बदामी नव्हतं. ते मांडवासारखं भडक गुलाबी होतं आणि त्यावर पांढरे चट्टे होते.

कापड ओसरीपुढं वाळत पडताच गावानं त्याचा योग्य तो अर्थ लावला. शेजारच्या चतुराबाई रागानं आल्या. "तारीख धरली अन् आमाला सांगितलं बी न्हाई." दोन प्रवासी चपला काढून ओसरीत बसले आणि पंगतीला किती वेळ आहे ते विचारू लागले. (त्यांना चहा द्यावा लागला. व्यवस्था साधारण होती, असं ते जाताना म्हणाले.)

मग नंदाबाईंनी गुलाबीवर हिरव्या पुडीचा उतारा दिला. दोन्ही मिळून जो रंग झाला त्याला नाव नाही. जवळून तो शेणासारखा दिसे आणि लांबून एखाद्या सरकारी खात्यासारखा, त्यामुळं गावाला त्याचा आदर वाटू लागला. टेलरचा हात पायजम्यावर बसलेला. त्यानं पडद्याला वरून नेफा घातला आणि नाडी ओवून दिली. तीर्थपुरीच्या इतिहासात एखाद्या ओसरीनं नाडी बांधण्याची ही पहिलीच वेळ.

पडदा लागला आणि थांब्यावर अवकळा आली. लोक बसची वाट पाहू लागले.

सुदैवानं हे दुःख उन्हं कलेपर्यंतच टिकलं. घराचं मागचं दार पश्चिमेला, आणि वाऱ्यासाठी ते सताड उघडं असे. उतरतं ऊन त्या दारातून सरळ ओसरीत आलं आणि स्वस्त मांजरपाट किती पातळ असतो ते गावाला कळलं. पडद्यावर काकासाहेबांची सावली उमटली: पोट, नाक, उघडं तोंड. वारा आला की पडदा फुगे आणि त्याच्याबरोबर पोटही. पूर्वी काकासाहेब नुसते दिसत. आता ते दाखवले जाऊ लागले. थांब्यावरची बाकं पुरेनात. घरात मात्र कुणाला पत्ता नव्हता, कारण आतून बघितलं तर पडदा म्हणजे नुसता पडदाच असतो. आम्ही सांगितलं नाही. (दुसऱ्याच्या घरात डोकावणं आम्हाला असभ्य वाटतं.)

ठरल्या दिवशी पाहुणे एक बस आधीच आले. मुलाचे वडील पुंजाराम आमच्याशेजारी बाकावर टेकले.

"कुणाचं घर म्हनायचं हे?"

आम्ही सांगितलं. ते पडद्याकडं बघत राहिले.

पडद्यावर एका बाईची सावली आली आणि बाजेला लाथ मारून गेली. पोट हललं, तोंड मिटलं नाही. मग दुसरी, बारीक सावली आली. तिनं पदरानं वडिलांच्या तोंडावरच्या माश्या हाकलल्या, मानेखाली उशी सारली आणि दोन बोटांनी हनुवटी अलगद वर केली. तोंड मिटलं. बोटं काढली तसं पुन्हा उघडलं. तिनं पुन्हा मिटलं आणि मग हनुवटी धरून ती तशीच उभी राहिली, बराच वेळ. थांब्यावर कुणी हसलं नाही.

थोड्या वेळानं पुंजाराम ओसरीत बसले होते. काकासाहेब सदरा घालून डोळे चोळत होते.

"हे दुपारचे कधी झोपत न्हाईत," नंदाबाई म्हणाल्या. "वाचत बसतेत."

"बराबर हाय," पुंजाराम गंभीरपणे म्हणाले. "वाचायचा आवाज थांब्यापस्तोर येऊन राह्यल्ता."

कौसल्या पोहे घेऊन आली. हात कोपरापर्यंत हिरवे. पुंजारामांनी त्या हातांकडं पाहिलं, बशी घेतली.

"पोरी, मी बी दुपारचा पडतो. असाच, तोंड उघडं टाकून. चालंल का?"

"चालंल," कौसल्या म्हणाली. "पडदा रंगवायला सांगू नका म्हंजे झालं."

(पडद्याला कान लावला की एवढं सहज ऐकू येतं.)

लग्न झालं. स्थळ पडद्यामुळं जमलं असा गावाचा निष्कर्ष निघाला, आणि लग्नाची मुलगी असलेल्या प्रत्येक ओसरीला त्याच बिननावाच्या रंगाचा मांजरपाट लागला. तो रंग मुद्दाम साधणं फार अवघड. आधी बदामी बिघडवावा लागतो. थांब्यावर आता कुठं बघावं असा प्रश्न पडू लागला.

तुम्ही हे वाचून काकासाहेबांना हसला असाल. हसा. तुमच्या घराला चांगला, विकतचा पडदा आहे आणि संध्याकाळी आतला दिवा लागल्यावर तुम्ही कधी रस्त्यावर येऊन तो बघितलेला नाही. घाई नाही. परवा तुम्ही आरशासमोर पोट आत ओढून उभे होतात ना, ते आम्हा सगळ्यांना फार आवडलं.