डोमाजीचे धावायचे बूट

डोमाजी जन्मात कधी धावला नाही. एसटी सुटताना दिसली तरी हा हात वर करून जागेवरच उभा राहतो. जशी काही गरज गाडीला आहे. आणि याच माणसाकडे धावायच्या बुटांचे नऊ जोड आहेत. सारे कोरे. पायात मात्र अंगठा तुटलेली चप्पल.

अर्जुनीत त्याचं घर माझ्या घराला लागून. लग्न जमलं नाही, म्हणून तो एकटा. मीही दोन सालांपासून एकटाच, पण माझी बायको मेली म्हणून. दोघांत फरक आहे.

"काऊन घेतला बे हा?" मी दरवेळी विचारतो.

उत्तर दरवेळी निराळं. एकदा टीव्हीवर शर्यत जिंकलेल्या गड्याच्या पायात असाच होता. एकदा किमतीवर लाल रेघ मारून खाली कमी किंमत लिहिली होती. एकदा म्हणे, "शेवटचा जोड होता, भाऊ. गेला असता."

गेला असता तर जाऊ दे ना! जत्रेत हरवलेलं लेकरू होतं काय ते?

मी हसलो की त्याचं ठरलेलं, "खेळाचा मामला हाय. तुमाले नाई समजत."

सुटलेल्या म्हशीमागेही न धावणारा माणूस मला खेळ शिकवतो!

दहाव्या जोडासाठी त्यानं खायच्या धानातलं पोतं विकायला काढलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. शेजारच्या सुनेला सांगून तसाच बूट मोबाईलवर मागवला, निम्म्या किमतीत. डबा त्याच्यापुढे आपटला. त्यानं उघडलासुद्धा नाही.

"माप पाहा लागते, भाऊ. पहिले माप पाहून येतो, मंग पोतं विकतो."

"साठीत पाय वाढून राहिला काय बे तुया?"

"पाहा लागते."

मग मीच त्याच्यासंगं गोंदियाला त्याच्या नेहमीच्या बुटांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला चार शब्द सुनवायचे होते, की हा बुढा धावत नाही, याला लुटू नको.

दुकानदार माझ्याच वयाचा निघाला. डोमाजीला पाहून हसला, गुडघे धरून कण्हत ठेंगण्या स्टुलावर बसला. डोमाजीचा भेगाळलेला पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. फडक्यानं पुसला. बूट चढवला, नाडी बांधली, समोरून बोटानं दाबून पाहिलं.

"कहीं चुभ तो नहीं रहा, भैया?"

डोमाजी डोळे मिटून बसला होता. "थोडासा," म्हणाला. साफ खोटं. बूट चांगला बोटभर मोठा होता.

दुकानदारानं दुसरा काढला. मग तिसरा. दरवेळी तोच पाय मांडीवर, दरवेळी तेच विचारणं.

चार शब्द सुनवायचे सोडून मी तो मांडीवरचा पायच पाहत होतो. धानाच्या बांधीत काटा भरला की माझी बायको, आमची बुढी, असाच माझा पाय मांडीवर घ्यायची. सुईनं काटा काढायची आणि वरून शिव्या द्यायची.

डोमाजीनं डोळे उघडले. मला पाहून वरमला.

"खेळाचा मामला हाय, भाऊ," हळूच म्हणाला.

"धान राहू दे घरी. या खेपेला बूट मी घेतो," मी म्हटलं. "सरक तिकडे."

आणि चप्पल काढून त्याच्या बाजूला बसलो.

"शेठजी, इसके बाद मेरा पाँव भी देखो."